ढब्बूला घेऊन मेक्सिको : नाताळच्या सुट्टीत गाडीने जावं का?

गवती_चहा
नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासात ऑस्टिनला असतो. यंदा डिसेंबरात नवऱ्याच्या ऑफिसला सक्तीची सुट्टी आहे, मुलांच्या शाळा बंद, आणि भारताच्या तिकिटांचे भाव बघून डोळे पांढरे झालेत. त्यामुळे गाडी काढून मेक्सिकोत जावं असं घाटतंय. लारेडोवरून मॉन्तेरे, साल्तियो, मातेवाला, सान लुइस पोतोसी करत सान मिगेल दे अयेंदेला पोचायचं, नाताळ तिथेच करायचा, मग ग्वानाह्वातो बघून परत. साधारण 20 तारखेला निघू.

अडचण एकच, आणि ती आत्ता माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली आहे. ढब्बू. वजन तीस किलो, अर्धा जर्मन शेफर्ड, उरलेला कोण ते शेल्टरवाल्यांनाही सांगता आलं नाही. गाडीत बसायला कायम तयार. बोर्डिंगमध्ये ठेवला की जेवण सोडतो, त्यामुळे मागे ठेवून जाणार नाही, तो सल्ला कृपया देऊ नका. कागदपत्रं काय लागतात, हॉटेलवाले घेतात का, रस्ते कसे आहेत, जे माहीत असेल ते सांगा. नवरा म्हणतो सगळं होईल. तो नेहमीच असं म्हणतो.

रिकामटेकडी
ढब्बूचा फोटो टाकल्याशिवाय या धाग्यावर एकही उपयुक्त प्रतिसाद मिळणार नाही.

खडूस_काका
कुत्र्याचं नंतर बघू. तुमचे स्वतःचे कागद काय आहेत? सिटिझन, ग्रीन कार्ड की एच-वन? पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा चालू असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डवरही लागत नाही. पण व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि नुसत्या आय-797 या मंजुरीपत्रावर दिवस काढत असाल तर आधी इथेच थांबा.

गवती_चहा
काका, आमचं ग्रीन कार्ड आहे, मुलं इथलीच. पण बरं झालं विचारलंत, धागा बाकीचेही वाचतील.

रिकामटेकडी, फोटो टाकलाय. कान असेच आहेत, एक वर एक खाली.

तांबडा_पांढरा
काकांच्या मुद्द्यात थोडी भर. शिक्का संपलेला असला तरी 30 दिवसांच्या आतली मेक्सिको-कॅनडाची फेरी मारून चालू आय-94 वर (अमेरिकेतल्या मुक्कामाची नोंद) परत येता येतं, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात त्याला. फक्त तिकडे नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. मात्र ही सवलत अमेरिकेची झाली. मेक्सिकोवाल्यांना चालू शिक्काच दाखवावा लागतो, नाहीतर त्यांचा व्हिसा काढा. लोक यातला अर्धाच भाग वाचतात आणि नाक्यावरून परत फिरतात.

आता गाडीबद्दल. आम्ही फिनिक्सहून बऱ्याचदा जातो. सीमेलगतचा पट्टा सोडून आत जायचं असेल तर गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागतो. तो बान्हेर्सितो ही बँक देते, नाक्यावर किंवा आधी ऑनलाइन. 2007 किंवा त्यानंतरच्या गाडीला 400 डॉलर अनामत, परवाना जास्तीत जास्त 180 दिवसांचा. परत येताना तो रद्द करून घ्यायलाच हवा, नाहीतर अनामत बुडते आणि पुढच्या वेळी त्या नावावर परवाना मिळत नाही. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याचं संमतीपत्र लागतं, ते यायला वेळ लागतो, आजच मागवा. तुमचा अमेरिकेतला विमा तिकडे चालत नाही, मेक्सिकन कंपनीचा घ्या.

रस्त्यांना घाबरू नका. 'कुओता' म्हणजे टोलचे, ते झकास. 'लिब्रे' म्हणजे फुकटचे, त्यावर ट्रक, गुरं, आणि तोपे. तोपे म्हणजे आपला गतिरोधक, रंग न दिलेला, झाडाच्या सावलीत, गाव सुरू व्हायच्या आधी. पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला शिकवायची गरज नाही. टोलला रोख पेसो ठेवा. पंपावर आपल्यासारखाच माणूस पेट्रोल भरून देतो, आकडा शून्यावर आहे ना बघा आणि चार पेसो हातावर ठेवा. गाडी बंद पडली तर 078 फिरवा, 'आन्हेलेस वेर्देस' म्हणून सरकारी हिरव्या गाड्या येतात. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. डिसेंबरात सहा-साडेसहालाच अंधारतं, त्यामुळे दिवसाचा पल्ला लहान धरा.

हिरवी_मिरची
वाचनखूण साठवली. दंडवत.

सान_दिएगोकर
गवतीताई, माझं स्पष्ट मत : कुत्रा असेल तर बाहा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खालचा मेक्सिकोचा लांबट द्वीपकल्प. बाकी मेक्सिको माणसांसाठी, बाहा कुत्र्यांसाठी. तिथे गाडीचा तो परवानाही लागत नाही.

तेकाते किंवा तिहुआनाहून एन्सेनादा, सान किन्तीन, मग काताविन्याचं वाळवंट. घराएवढे धोंडे आणि त्यांच्यामधून उभे कार्दोन निवडुंग. एल रोसारियोला टाकी भरायची, कारण पुढे तीनेकशे किलोमीटर भरवशाचा पंप नाही. काताविन्यात लोक रस्त्याकडेला कॅनमधून पेट्रोल विकतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पुढे गेर्रेरो नेग्रो, सान इग्नासियो, आणि मग मुलेहेच्या खाली बाइया कोन्सेप्सियोन. सान्तिस्पाक, एल रेकेसोन असे किनारे. पाण्याला लाट नाही, गाडी थेट वाळूवर, आणि कुत्रा सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोकळा. जानेवारीपासून ग्रे व्हेल पिल्लांसकट गेर्रेरो नेग्रो आणि सान इग्नासियोच्या बाजूला, पॅसिफिककडच्या खाड्यांत असतात. व्हेल बघायच्या होड्यांत कुत्रा घेत नाहीत, आळीपाळीने जा.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून. किनाऱ्यावर मेलेले बोतेते पडलेले असतात, फुगणारा मासा. वाळून कडक झालेला, चेंडूसारखा दिसतो, आणि विष तसंच्या तसं. कुत्र्याने चावला तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. दुसरं म्हणजे चोया निवडुंग. त्याचा गोळा पंजाला चिकटला की कुत्रा तो तोंडाने काढायला जातो आणि मग जिभेत. हाताने ओढू नका. कंगवा लागतो, तो काट्यांच्या गोळ्याखाली सरकवायचा आणि झटक्यात उडवायचा, उरलेले काटे पक्कडने. आमच्या गाडीच्या कप्प्यात रुंद दातांचा कंगवा कायम असतो. बायको म्हणते माझ्या डोक्यावर केस नाहीत आणि गाडीत कंगवा, कस्टमवाल्यांना संशय येईल.

खडूस_काका
ऑस्टिनहून बाहा? सान दिएगोला पोचेपर्यंतच दोन दिवस. नकाशा बघून सल्ले द्या.

सान_दिएगोकर
काका, नकाशा बघूनच सांगतोय. सुट्टी दोन आठवड्यांची आहे. तुम्ही ह्यूस्टनहून डॅलसला जाताना मध्ये मुक्काम करता, ते वेगळं.

टपरी_नंबर_४
थोडं अवांतर. आम्ही पुण्याहून बीगल घेऊन डिसेंबरात कोकणात जातोय, गुहागर-वेळणेश्वर पट्टा. कुत्रा चालेल असं घरगुती राहण्याचं ठिकाण कुणाला माहीत आहे का?

रिकामटेकडी
टपरीदादा, मेक्सिकोच्या धाग्यावर गुहागर! नवीन धागा काढा, तिथे मी येते. पण 25 ते 31 मध्ये जाऊ नका. त्या आठवड्यात कोकणात माणसांनाच जागा नसते.

मक्याचं_कणीस
मी केरेतारोत राहते. नवरा इथल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. केरेतारो, साल्तियो, मॉन्तेरे या पट्ट्यात आता बरीच भारतीय कुटुंबं आहेत. आमच्याकडेही कुत्री आहे, इथेच रस्त्यावर सापडलेली. म्हणून हा प्रतिसाद जरा मोठा होईल.

गवतीताई, सान मिगेल सुंदर आहे. कुत्र्यांचे लाड आहेत, बऱ्याच हॉटेलांच्या अंगणात पाण्याची वाटी ठेवतात. पुरातत्त्व खात्याच्या अवशेषांमध्ये, तेओतिउआकान वगैरे, कुत्रा चालत नाही, बाकी चौकाचौकांत मजेत फिरवा. पण एक गोष्ट आधी विचारते. ढब्बूला फटाके चालतात का?

कारण डिसेंबरात इथे फटाके म्हणजे दिवाळीचे चार दिवस नव्हेत. 12 ला ग्वादालुपेच्या मातेचा दिवस. 16 ते 24 रोज संध्याकाळी पोसादा, म्हणजे येशूचे आईबाप मारिया-होसे मुक्काम शोधत दारोदार फिरले त्याची मिरवणूक, गाणी, पिन्याता (खाऊ भरलेलं कागदी मडकं, काठीने फोडायचं). 24 च्या मध्यरात्री तर विचारू नका, आणि पुन्हा 31. त्यात इथला 'कोएते' हा प्रकार शोभेचा नसतोच. काठीला बांधलेला बाण, देवळाच्या आवारातून सोडतात, वर जाऊन नुसता धडाम. उजेड जवळजवळ नाहीच, कारण तो बघण्यासाठी नसतो, सण आलाय हे गावाला कळावं म्हणून असतो. पहाटे पाचलाही. सान मिगेलची घरं दगडी आणि गल्ल्या अरुंद, एक आवाज चारदा ऐकू येतो. मग गच्च्यांवरची कुत्री सुरू होतात. इथे घराघराच्या गच्चीवर राखणीचं कुत्रं असतं, ते रात्रभर खाली बघून भुंकतं.

आमची सुंदरी इथलीच, तरी 24 ला ती कपड्यांच्या कपाटात असते आणि मी तिच्या शेजारी गोधडी घेऊन. जेवण नवरा तिथेच आणून देतो.

आणखी एक. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, ते मक्याच्या सालीत गुंडाळलेले असतात आणि लोक प्रेमाने कुत्र्याला सालीसकट टाकतात. ती साल आतड्यात अडकते. मुलांना आधीच बजावून ठेवा.

गवती_चहा
कणीसताई, फटाक्यांचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. 4 जुलैला ढब्बू बाथटबमध्ये जाऊन उभा राहतो आणि थरथरतो. नवरा म्हणतोय डॉक्टरकडून झोपेची गोळी घेऊ.

पशुवैद्य_नगरवाले
झोपेच्या गोळीबद्दल. काही जुनी औषधं, उदाहरणार्थ ॲसेप्रोमॅझिन, कुत्र्याला सुस्त करतात पण भीती कमी करत नाहीत. तो घाबरलेलाच असतो, फक्त पळू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आवाजाची भीती आहे, त्यासाठी वेगळी औषधं आहेत. आणि पहिला डोस घरी देऊन बघा, प्रवासात नको.

आता महत्त्वाचं. कुणी स्क्रूवर्मचा उल्लेख कसा केला नाही? ही माशी उघड्या जखमेवर अंडी घालते. आपल्याकडे गुराच्या सडक्या जखमेत अळ्या पडतात तसं हे नाही, या अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. अमेरिकेने प्रयोगशाळेत वांझ केलेले नर विमानातून सोडून 1966 पर्यंत ही माशी देशातून घालवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये ती मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापासात पुन्हा सापडली. सप्टेंबर 2025 मध्ये सापडली सबिनास इदाल्गोला, म्हणजे सीमेपासून 70 मैलांच्या आत, लारेडो-मॉन्तेरे रस्त्यावर. तुमच्या मार्गावरच. अमेरिकेने 2025 मध्ये मेक्सिकोची गुरं घेणं थांबवलं ते याचसाठी.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मेक्सिकोतून कुत्रा परत आणताना, निघण्याआधीच्या 5 दिवसांत तपासणी करून स्क्रूवर्म नाही असा तिथल्या सरकारी पशुवैद्याच्या सहीचा दाखला हवा. रोज संध्याकाळी कान, बोटांमधल्या फटी, शेपटीखाली हात फिरवून बघा. गोचिडाच्या चाव्याएवढी जखमही या माशीला पुरते. गोचिडावरूनच : उत्तर मेक्सिकोत कुत्र्यांच्या गोचिडांमधून माणसांना रॉकी माउंटन ताप होतो, जीवघेणा आहे. 2023 च्या शेवटी तेकातेला जाऊन आलेल्या रुग्णांवरून सीडीसी या अमेरिकन आरोग्य संस्थेने डॉक्टरांना सावध केलं होतं. तेव्हा बाहावाल्यांनीही गोचिडाची गोळी चुकवू नये.

सान_दिएगोकर
डॉक्टर, गोळी महिन्याच्या महिन्याला चालू आहे. दाखल्याचं मात्र खरं सांगू का, आम्हाला नाक्यावर आजवर कुणी विचारलेला नाही. खिडकीतून कुत्रा बघतात, हसतात, जा म्हणतात.

पशुवैद्य_नगरवाले
विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही. एखाद्या दिवशी विचारलं तर कुत्रा पुलाच्या कोणत्या बाजूला राहणार? तीस किलोचा आहे, पिशवीत लपणार नाही.

तांबडा_पांढरा
डॉक्टरांना अनुमोदन. सीडीसीचा फॉर्मही विसरू नका. 1 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत शिरणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला लागतो, फुकट आहे, ऑनलाइन भरून पावती फोनवर ठेवायची. कुत्रा 6 महिन्यांहून मोठा आणि मायक्रोचिप बसवलेला हवा. मेक्सिको रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत नाही, 2019 मध्ये डब्ल्यूएचओने कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज संपवल्याचं प्रमाणपत्र दिलेला तो जगातला पहिला देश आहे, त्यामुळे काम एवढ्यावर भागतं. पण मागच्या 6 महिन्यांत कुत्रा भारतात जाऊन आला असेल तर नियम पार वेगळे आणि कडक. भारत त्या यादीत आहे.

जाताना सोपं आहे. अमेरिकेतून नेलेल्या कुत्र्याला मेक्सिकोने 2019 च्या डिसेंबरपासून आरोग्य दाखल्याची अट काढली. बघतात फक्त, जखम नको, गोचीड नको. खाणं एका दिवसापुरतंच न्यायचं, बाकी तिकडे विकत घ्या. रेबीजच्या लशीचा कागद तरीही जवळ असू द्या, पुढे हॉटेलवाले मागू शकतात.

हिरवी_मिरची
माणसांच्या खाण्याचं काय? आम्ही शाकाहारी.

मक्याचं_कणीस
मिरचीताई, बीन्समध्येही डुकराची चरबी असू शकते, 'सिन मान्तेका' म्हणा. मग केसादिया, नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची भाजी, ताज्या मक्याच्या तोर्तिया. उपाशी राहत नाही कुणी. परतताना पेरू मात्र घेऊ नका, सीमेवर काढून घेतात. डिसेंबरात पोन्चे या गरम पेयासाठी इथे पेरूंचे ढीग लागतात, मोह होतो.

खडूस_काका
एवढा सगळा व्याप बघता मी म्हणतो बिग बेंडला जा. आपल्याच राज्यात, फटाके नाहीत, माश्या नाहीत, सीमा नाही.

रिकामटेकडी
काका, बिग बेंड नॅशनल पार्कात कुत्र्याला पायवाटांवर बंदी आहे. गाडी जाते ते रस्ते आणि कॅम्पग्राउंड, एवढंच. ढब्बू गाडीच्या काचेतून डोंगर बघणार का?

खडूस_काका
बरं.

रिकामटेकडी
काकांचा हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवावा.

गवती_चहा
दिवाळी झाली, म्हणून परत आले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या कॉम्प्लेक्समध्ये मोजून वीस मिनिटं फटाके उडाले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पहिला डोस घरीच देऊन बघितला. थरथर कमी झाली, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. नऊ रात्रींच्या पोसादा त्याला झेपणार नाहीत हे नवऱ्यालाही पटलंय. सान मिगेल रद्द.

पण मुलांनी पिन्याता फोडायचं मनावर घेतलंय आणि नवऱ्याने स्पॅनिश शिकायला घेतलंय (आत्तापर्यंत 'येनो' म्हणजे टाकी फुल, एवढंच). बाहा लांब पडतं. मधलं काही सुचतंय का?

मक्याचं_कणीस
सुचतंय. ठिकाणाआधी तारखा बदला. 25 च्या दुपारनंतर 30 पर्यंत इथे सगळं शांत असतं. पोसादा संपलेल्या असतात, नव्या वर्षाचे फटाके अजून फुटायचे असतात, लोक शिळे तामालेस खात घरात बसलेले असतात. 26 ला सकाळी निघा, 30 ला परत. सीमेवरही हेच सोयीचं. अमेरिकेतले मेक्सिकन लोक नाताळाआधीच्या आठवड्यात सामानाने भरलेल्या गाड्या घेऊन गावी येतात, लारेडोला रांगाच रांगा. परत जातात ते जानेवारीच्या सुरुवातीला. तुम्ही दोन्हींच्या मध्ये सापडता.

आणि पाच दिवसांत सान मिगेल नकोच. कोआविला राज्यात राहा. ईगल पासवरून पिएद्रास नेग्रास, मोन्क्लोवा, तिथून क्वात्रो सिएनेगास. वाळवंटात निळ्या पाण्याची कुंडं आणि जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या. कुंडं संरक्षित आहेत, ढब्बूला पाण्यात सोडू नका, तिथले काही मासे आणि कासवं जगात दुसरीकडे नाहीत. मग साल्तियो, आणि पार्रास. पार्रासला 1597 पासून वाइन होते, अमेरिका खंडातली सगळ्यात जुनी वाइनरी तिथे आहे. अक्रोडासारख्या पिकनची झाडं, वाहते पाट. गावाबाहेरचं घर घ्या, शहरातलं हॉटेल नको. रात्री थंडी कडक असते आणि घरांना हीटर नसतात, ढब्बूला मजा, तुम्ही स्वेटर न्या. पिन्याता बाजारात मिळते, अंगणात बांधा.

सान_दिएगोकर
हे जमलं. मान्य. पुढच्या वर्षी बाहा.

तांबडा_पांढरा
भारी. मॉन्तेरेकडे उतरायचं झालंच तर लारेडोऐवजी कोलोम्बिया पूल घ्या. तो थेट नुएवो लेओन राज्यात उतरतो, शेजारच्या तामाउलिपास राज्यातून जावं लागत नाही. अमेरिकन परराष्ट्र खात्याने तामाउलिपासला 'जाऊ नका' या वर्गात ठेवलंय.

पशुवैद्य_नगरवाले
एकच शंका. 26 ते 30 म्हणजे दाखला 29 ला, सोमवारी, साल्तियोत काढावा लागेल. सुट्टीच्या आठवड्यात सरकारी पशुवैद्य जागेवर असेल का? हे आधी विचारून ठेवा, सगळं तिथेच अडेल.

मक्याचं_कणीस
डॉक्टर, बरोबर बोललात. गवतीताई, साल्तियोत आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब आहे, त्यांच्याकडेही लॅब्रॅडॉर आहे. कचेरी त्या दिवशी उघडी आहे का आणि दाखला त्याच दिवशी हातात देतात का, ते त्यांना विचारायला सांगते. नाहीच जमलं तर तुम्ही एक दिवस आधी निघा, 25 ला दुपारी. मग तपासणी शुक्रवारी 26 ला मोन्क्लोवात किंवा कुठे होईल ते बघू, पाच दिवसांत बसतंय.

गवती_चहा
25 ला निघायला आम्ही तयार आहोत. ढब्बूचं वजन, वय, चिपचा नंबर आणि लशीचा कागद तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतेय. अजून काही लागेल का?

मक्याचं_कणीस
गाडीचं रजिस्ट्रेशन कुणाच्या नावावर आहे तेही कळवा. ज्याच्या नावावर आहे तो माणूस नाक्यावर हजर असेल तर सोपं पडतं.